मागून पाहिलेले सिनेमे

माझ्या आयुष्यातले पहिले तीसेक सिनेमे मी उलटे पाहिले. डोकं खाली आणि पाय वर असे नव्हे हो, तेवढी काही मी वाह्यात नव्हते. डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं, असे उलटे. एकाचंही तिकीट काढलं नाही, रांगेत उभी राहिले नाही, की पुढच्या खुर्चीतल्या टोपीच्या नावाने बोटं मोडली नाहीत. आमच्या गॅलरीत बसून, पायावर गोधडी घेऊन, शेंगा सोलत पाहिले. आणि त्या फुकटच्या सिनेमांनी आमचं घर तारलं, हे मी आज पंचाहत्तरीतही छातीठोकपणे सांगेन. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

आम्ही सदाशिव पेठेतल्या एका बोळात पहिल्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या, आणि पुढे तीन बिऱ्हाडांत मिळून एक लांब गॅलरी. बोळाच्या तोंडाशी चौक आणि चौकात मंडळाचा गणपती. त्या काळी गणपतीच्या दहा दिवसांत रस्त्यावर सिनेमे दाखवायची पद्धत होती. अंधार पडायला लागला की मंडळाची मुलं बोळाच्या तोंडावर, या बाजूच्या खिडकीपासून त्या बाजूच्या खांबापर्यंत, एक पांढरं कापड ताणून बांधायची. मशीन चौकात. माणसंही चौकातच, रस्त्यावर पोती आणि सतरंज्या टाकून बसलेली. आम्ही बोळात, म्हणजे बरोब्बर पडद्याच्या मागे. पण कापडातून उजेड आरपार यायचा आणि चित्र आमच्या बाजूनेही झकास दिसायचं. फक्त आरशात दिसावं तसं.

चौकात जाऊन समोरून बघायला आम्हाला बंदी होती. बंदी घालणारे आमचे अण्णा. माझे वडील एका छापखान्यात प्रुफं वाचायचे, म्हणजे छापण्याआधी कागदावर एक कच्ची प्रत काढतात, तिच्यातल्या चुका शोधायचे. दिवसभर चुका शोधलेला माणूस घरी येऊन दुसरं काय करणार? घरातही त्याच शोधायचा. "मुलींनी रस्त्यात बसायचं नाही" हे त्यांचं एक वाक्य, आणि "सिनेमाने डोळे जातात" हे दुसरं. त्यांच्या स्वतःच्या चष्म्याच्या काचा हे एवढ्या जाड झाल्या होत्या, त्या काही सिनेमा बघून नव्हे. पण हे त्यांना तोंडावर म्हणायची कुणाची टाप होती?

थिएटरचा तर विषयच नको. पगाराच्या दिवशीही आमच्याकडे तिकिटाचं नाव निघायचं नाही. मग एका वर्षी, मी नऊ-दहा वर्षांची असेन, आईनेच धीर केला. म्हणाली, "अहो, आपल्याच गॅलरीतून जे दिसतंय ते बघितलं तर?"

अण्णा बाहेर आले. कठड्याला टेकून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. सिनेमाची सुरुवात चालू होती, नावं येत होती, आणि सगळी अक्षरं उलटी. प्रुफं वाचणाऱ्या माणसाला हा केवढा अपमान! एखाद्या सोवळ्यातल्या बाईच्या पानात अंडं वाढावं तसा त्यांचा चेहरा झाला. "हे असलं उलटं बघायचं असेल तर खुशाल बघा," म्हणाले, आणि आत जाऊन दार ओढून घेतलं.

टोमणा होता तो. आम्हाला काय कळत नव्हतं? पण आई माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "बघा म्हणालेत." त्या एका वाक्यावर आम्ही पुढची आठ वर्षं काढली.

काय सुख होतं ते! चौकातल्या लोकांना दुपारपासून पोतं टाकून जागा धरायला लागायची, त्यावरून हमरीतुमरी व्हायची. आमची जागा कायमची. चौकात पाऊस आला की पळापळ, आमच्या डोक्यावर कौलं. वारा सुटला की पडदा फुगायचा आणि नायिकेचं नाक हळूहळू लांब व्हायचं, तिच्या रडण्याच्या ऐन भरात. आम्ही गॅलरीतल्या सगळ्या मिळून खोखो हसायचो आणि चौकातून कुणीतरी ओरडायचं, "ए गॅलरी, गप बसा!" आई लगेच उत्तर द्यायची, "तुमचा काय पास आहे का?" एरवी घरात मोठ्याने न बोलणारी माझी आई! गणपतीत तिला कंठ फुटायचा.

कधी मध्येच सिनेमा थांबायचा. एकच सिनेमा दोन मंडळं वाटून घ्यायची. एका चौकात पहिलं रीळ संपलं की ते सायकलवरून दुसऱ्या चौकात जायचं. तिकडे उशीर झाला, सायकल पंक्चर झाली, की आमचा नायक घोड्यावर चढता चढता तसाच राहायचा आणि लाउडस्पीकरवरून हरवलेल्या चपलांच्या घोषणा सुरू व्हायच्या. तेवढ्यात आम्ही भाकरी-पिठलं उरकून घ्यायचो. आहे असं कुठल्या थिएटरात?

आता अक्षरांचं सांगते. सिनेमाच्या सुरुवातीला नावं येतात ती सगळ्यांना कंटाळवाणी वाटतात. आमचा मात्र तो मुख्य खेळ. गॅलरीत आम्ही चार मुली होतो, तिन्ही बिऱ्हाडांतल्या मिळून. पडद्यावर नाव आलं की ते उजवीकडून डावीकडे वाचायचं, आणि जी आधी मोठ्याने वाचेल तिला कठड्याजवळची जागा. नावं काही थांबायची नाहीत, आली की गेली. पहिल्या वर्षी मला धड एक शब्द लागला नाही. उलटा क कसा दिसतो, उलटा ळ कसा दिसतो, जोडाक्षरं कुठून सुरू होतात, नुसती भंबेरी उडायची. मग मी इरेला पेटले. शाळेतून आले की आईचा छोटा आरसा वर्तमानपत्रापुढे धरून बसायची. दुसऱ्या वर्षी मी संगीत देणाऱ्यापासून कपडेवाल्यापर्यंत सगळी नावं घडाघडा वाचली. हिंदी सिनेमांची पुष्कळशी नावं इंग्रजीत यायची, तीही शिकले. अर्थ कळायचा नाही, पण वाचून टाकायची. त्यानंतर कठड्याजवळची जागा माझ्याकडून कुणी घेऊन दाखवली असेल तर शपथ. बाकीच्या तिघी चिडून म्हणायच्या, "हिचे डोळेच उलटे बसवलेत." म्हणोत बापड्या! मला भारी अभिमान वाटायचा.

एकदा मात्र या उलट्या शिक्षणाने माझी पार शोभा झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाच बसवायचा होता. गणपतीत पाहिलेल्या एका सिनेमातला नाच मला अख्खा पाठ होता. बाईंनी मोठ्या विश्वासाने माझ्या हाती सात मुली दिल्या. त्यातल्या चार चौकात समोर बसून तोच सिनेमा पाहिलेल्या होत्या आणि त्यांनाही नाच येत होता. तालमीत मी सांगेन तसं त्या करायच्या. प्रत्यक्ष रंगमंचावर गेल्यावर त्या घाबरल्या आणि आपल्या आठवणीवर नाचायला लागल्या. मी आणि माझ्या बाजूच्या तिघी गिरकी घेऊन डावीकडे, त्या चौघी उजवीकडे. मधोमध अशी टक्कर झाली म्हणता की एकीची वेणी दुसरीच्या बांगडीत अडकली. पडदा पाडावा लागला. बाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आपण नाटक करू." मी घरी येऊन पांघरूण घेऊन रडले. रडता रडता मला कळलं, की नायक आणि नायिका, खलनायक आणि घोडा, सगळे इतकी वर्षं मी समजत होते त्याच्या विरुद्ध दिशेला धावत होते.

तरी मी बघायची थांबले नाही. का थांबू? फुकट होतं, आणि आई माझ्या शेजारी बसून हसत होती.

मी अकरावीची परीक्षा दिली, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, त्या उन्हाळ्यात अण्णांचे डोळे फारच अधू झाले. मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, अजून पिकला नाही, पिकल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, थांबा सहा-आठ महिने. त्या काळी तसंच असायचं. अण्णा प्रूफ नाकाला लावून वाचायचे. एका मुंजीच्या पत्रिकेत वार चुकला आणि त्यांच्या नजरेतून सुटला. निम्मे पाहुणे दुसऱ्या दिवशी जेवायला आले. मग एका पुस्तकात एक अख्खी ओळ दोनदा छापली गेली. तेव्हा छापखान्याच्या मालकांनी त्यांना काचेच्या खोलीत बोलावून घेतलं. मालक कधी आवाज चढवायचे नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "आपले डोळे आता थकले आहेत. आणखी एक चूक झाली, तर आपण घरी विश्रांती घ्यावी हे बरं."

अण्णांनी घरी येऊन हे जसंच्या तसं आईला सांगितलं आणि जेवले नाहीत. घरात दुसरं कमावतं कुणी नव्हतं. धाकटा भाऊ अजून प्राथमिक शाळेत. अण्णांची नोकरी गेली असती तर त्याची शाळा, खोल्यांचं भाडं, ते ऑपरेशन, सगळंच गेलं असतं. त्या दिवसापासून अण्णा घरातल्या चुका काढायचे थांबले. आमटीत मीठ नव्हतं तरी गप्प जेवले. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मला सुट्टी होती, म्हणून दुपारचा डबा मी पोचवायची. छापखाना आमच्या घरापासून तीन बोळ सोडून. लग्नसराईचे दिवस, पत्रिकांचा नुसता पूर आलेला. त्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा अण्णा आपल्या टेबलाशी कुठल्यातरी कागदावर वाकलेले होते. त्यांना हाक मारून मी मधल्या मोठ्या टेबलाशी थांबले. टेबलावर छपाईला तयार केलेला फर्मा पडला होता. फर्मा म्हणजे लोखंडी चौकटीत घट्ट आवळलेली शिशाच्या खिळ्यांची अक्षरं. त्याला शाई लावून कागद दाबला की छापलं जातं, म्हणून खिळ्यांवरची अक्षरं नेहमी उलटी असतात.

उलटी अक्षरं! आठ वर्षं दुसरं काय केलं होतं मी? माझी नजर आपोआप उजव्या कडेला गेली आणि मी वाचायला लागले. वाचायचं असं ठरवलंही नव्हतं. शेजारी-शेजारी दोन लग्नपत्रिका होत्या. पहिलीत लिहिलं होतं, गोरज मुहूर्त, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. मी थांबले. परत वाचलं. दुसरीत मुहूर्त संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी, आणि खाली लग्नानंतरचं भोजन दुपारी बारा वाजता.

दोन्ही पत्रिकांतल्या वेळेच्या ओळी एकमेकींत गेल्या होत्या. आणि मशीनवाल्याने फर्मा उचलायला हात घातला होता.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की कुणाच्या तरी हातातून खिळे सांडले. "गोरज मुहूर्त सकाळी कसा असेल?"

मशीनवाला म्हणाला, "बाळ, याचं प्रूफ वाचून झालंय. तू डबा ठेव आणि घरी जा."

काचेच्या खोलीतून मालक बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ताजं प्रूफ काढायला सांगितलं, ओली शाई बोटाला लागू न देता कागद वर धरला आणि वाचला. म्हणाले, "छान. म्हणजे या गावात गाई सकाळी नऊ चाळीसला घरी परततात." मग अण्णांकडे वळले. "हे आपण वाचलं होतं?"

अण्णा उठून उभे राहिले. त्यांना खोटं सांगता आलं असतं. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरने नंतर ओळ हलवली असेल, असं म्हणता आलं असतं. ते म्हणाले, "वाचलं होतं. मला दिसलं नाही."

मला अजून आठवतं, डबा माझ्या हातातच होता. रडू येत होतं आणि रागही येत होता. राग कुणाचा ते आजही सांगता येणार नाही. मालकांनी तोंड उघडलं आणि मला पक्कं ठाऊक होतं की आता ते विश्रांतीचं वाक्य येणार.

"मी वाचते ना!" मी म्हणाले. "त्यांचं काम मी वाचते. कागदावर कशाला, या खिळ्यांवरूनच वाचते."

एक कंपोझिटर हसला. पण मालक हसले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातला दुसरा फर्मा आणायला लावला. कुठल्याशा पुस्तकाचं पान होतं. "वाच," म्हणाले. मी टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले.

"अगं, तिकडून नाही," हसलेला कंपोझिटर म्हणाला. "आम्ही अलीकडून वाचतो. अक्षरं खाली डोकं वर पाय दिसतात, पण ओळ डावीकडून लागते."

"तुम्ही वाचा तिकडून. मला इकडूनच येतं," म्हणून मी सुरू केलं. उजवीकडून डावीकडे, एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी. अडखळले नाही. सिनेमातली नावं आली की गेली. ही अक्षरं तर बिचारी जागेवर थांबली होती. अर्ध्या पानावर मालकांनी हात वर केला. मग इंग्रजी फर्मा आणवला. मी तोही वाचला. उच्चारांची वाट लावली असेल, पण अक्षर एक चुकवलं नाही. मध्ये एका शब्दात एकच अक्षर दोनदा बसलं होतं, तेही बोट ठेवून दाखवलं.

कंपोझिटर आता हसत नव्हता. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि मी वाचते आहे तिथून बघायचा प्रयत्न करायला लागला.

"हे कुठे शिकलीस?" मालकांनी विचारलं.

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांना माझा चेहरा दिसत नसणार. "सिनेमात," मी म्हणाले. "गणपतीच्या पडद्यामागे बसून. आमच्या गॅलरीतून सगळं उलटं दिसतं."

मशीनवाल्याने कपाळाला हात लावला. कुणीतरी म्हणालं, "आयला, आम्ही उगाच समोर बसलो." आणि सगळे मोठ्याने हसले. मीही हसले. माझ्या अंगात वारं भरलं होतं. आठ वर्षांत कुणी मला त्याबद्दल शाबासकी दिली नव्हती, आणि इथे मोठी माणसं माझ्याभोवती घोळका करून उभी होती.

मालक मात्र विचार करत होते. विचार करताना ते नेहमी टेबलावरचे खिळे सरळ करायचे, तसे करत होते. शेवटी म्हणाले, "उद्यापासून दोघं या. यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन ते बरे होईपर्यंत. पगार मात्र एकाचाच. डोळे हिचे आणि अनुभव यांचा, म्हणजे मिळून माणूस एकच झाला."

अण्णांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. ते "बरं" म्हणणार होते. त्या छापखान्यात वीस वर्षं त्यांनी मालकांना "बरं" याशिवाय काही म्हटलं नव्हतं.

"दीड," मी म्हणाले.

"काय?"

"दीड पगार. मी खिळ्यांवरूनच वाचणार, म्हणजे पहिलं प्रूफ काढायलाच लागणार नाही. त्याचा कागद, शाई आणि माणसाचा अर्धा तास, रोज, प्रत्येक कामाला. लग्नसराईत किती होईल ते तुम्हीच बघा."

माझी जीभ वाटेल तशी सुटली होती. घरी काय होणार ते दिसत होतं. वडिलांच्या मालकांशी घासाघीस करणारी मुलगी! नोकरी वाचत होती, तीही आता मी घालवली, असं वाटलं. अण्णा चाचपडत टेबलाच्या कडेकडेने आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले.

"ती बरोबर बोलते आहे," ते मालकांना म्हणाले. आवाज लहान होता, पण स्वच्छ. "दीड द्यावा. नाहीतर मी तिला दुसरीकडे घेऊन जातो. या पेठेत छापखान्यांना तोटा नाही."

मालकांनी हातातला खिळा खाली ठेवला. एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "दीड."

त्या दिवशी मालकांनी लवकर सोडलं. परत येताना अण्णांनी माझा दंड धरला होता, कारण उन्हात त्यांना रस्ता अजिबात दिसत नव्हता. तरी ते माझ्या एक पाऊल पुढे चालत होते, आणि ओळखीचं कुणीही भेटलं की थांबून सांगत होते, "ही माझी मुलगी."